प्रिंटआधी कॉलम लपवणारा मॅक्रो: लपवणं सोपं, जागेवर आणणं महत्त्वाचं

प्रश्न असा आला आहे: "आमच्या सोसायटीत ८४ सदनिका आहेत. देखभाल शुल्काचं रजिस्टर मी एक्सेलमध्ये ठेवते. कार्यालयीन प्रतीत सगळे चौदा कॉलम लागतात, पण नोटीस बोर्डावर लावायच्या यादीत मोबाइल नंबर, भोगवटेतर शुल्क (घर भाड्यानं दिलं की लागतं ते), चेक नंबर आणि शेरा हे चार कॉलम नको असतात. दर महिन्याला हातानं लपवते, प्रिंट काढते, परत उघडते. दोनदा परत उघडायचं राहून गेलं आणि पुढच्या महिन्यात एक कॉलम भरायचाच राहिला. हे मॅक्रोनं होईल का? मला प्रोग्रॅमिंग येत नाही."

होईल, ताई. मॅक्रो म्हणजे एक्सेलनं एकामागून एक करायच्या कामांची लिहून ठेवलेली यादी. मी गेली सोळा वर्षं सोसायट्यांचे हिशेब आणि छोट्या आस्थापनांची पगारपत्रकं एक्सेलवर सांभाळतो आहे आणि हे काम मी मॅक्रोनंच करतो. कॉलम लपवायला एक ओळ पुरते. बाकीचा सगळा मॅक्रो ते कॉलम होते तसे परत आणण्यासाठी लिहायचा असतो. तुमचं नेमकं तेच राहून गेलं होतं, म्हणून मी तिथे जास्त वेळ देणार आहे.

त्याआधी एक पाहून घ्या. कदाचित तुम्हाला मॅक्रोची गरजच नसेल. 'व्ह्यू' टॅबमध्ये 'कस्टम व्ह्यूज' आहे. सगळे कॉलम उघडे असताना 'पूर्ण' नावाचा व्ह्यू जतन करा. मग चार कॉलम लपवा, पानाची मांडणी नीट करा आणि 'नोटीस' नावाचा दुसरा व्ह्यू जतन करा. पुढे नुसतं नाव निवडायचं. लपलेले कॉलम आणि प्रिंटची सेटिंग दोन्ही त्यात राहतात. अडचण एकच, पण मोठी आहे: त्या वर्कबुकमध्ये कुठेही 'इन्सर्ट टेबल' करून बनवलेलं टेबल असेल तर हा पर्याय फिका पडतो, चालतच नाही. तुमच्याकडे तसं टेबल नसेल आणि रजिस्टरची रचना वर्षानुवर्षं बदलत नसेल, तर इथेच थांबलात तरी चालेल. कॉलम शेजारी शेजारी असतील तर 'डेटा' टॅबमधला 'ग्रुप'ही चांगला. वर वजा-अधिकचं चिन्ह येतं, एका क्लिकमध्ये मिटतं आणि उघडतं. प्रिंट एरिया तुकड्यातुकड्यांनी निवडण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. प्रत्येक तुकडा वेगळ्या पानावर छापला जातो.

आता मॅक्रो. बहुतेक जण सुरुवात रेकॉर्डरनं करतात. 'रेकॉर्ड मॅक्रो' दाबायचं, कॉलम निवडून लपवायचे, रेकॉर्डिंग थांबवायचं. शिकायला हे उत्तम. पण रेकॉर्डर आधी कॉलम 'सिलेक्ट' करतो आणि मग जे निवडलं गेलं ते लपवतो. तुमच्या शीटवर पहिल्या ओळीत सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक सगळ्या कॉलमांवर मर्ज करून मधोमध लिहिलेला असणार, सगळ्यांचा असतो. अशा शीटवर मॅक्रोनं एक कॉलम निवडला की मर्ज केलेल्या सेलमुळे निवड ताणली जाते, चौदाच्या चौदा कॉलम निवडले जातात आणि पुढच्या ओळीत अख्खं रजिस्टर नाहीसं होतं. माझ्याकडे 'माझा डेटा उडाला' म्हणून घाबरून आलेले कितीतरी लोक याच कारणानं आले होते. डेटा कुठेही गेलेला नसतो, नुसता लपलेला असतो. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणावर क्लिक करून सगळं निवडा, एखाद्या कॉलमच्या डोक्यावर उजवं क्लिक करून 'अनहाइड' करा, सगळं परत येतं.

म्हणून दोन गोष्टी करा. मॅक्रोत 'सिलेक्ट' वापरू नका, कॉलमला थेट लपायला सांगा. आणि शीर्षक मर्ज करू नका. 'फॉरमॅट सेल्स'मधल्या 'अलाइनमेंट'मध्ये 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' आहे, ते वापरा. दिसायला अगदी तसंच दिसतं, आणि कॉलम लपले की शीर्षक उरलेल्या रुंदीच्या मधोमध येतं.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सोसायटीसाठी मी मॅक्रो लिहून दिला. त्यात 'डी कॉलम लपव, आय कॉलम लपव' असं अक्षरांनी लिहिलं होतं. दीड वर्ष छान चाललं. मग तिथल्या लेखनिकानं सी आणि डी यांच्या मध्ये पार्किंगचा एक कॉलम घातला. शीटवरची सूत्रं एक्सेलनं आपोआप सरकवली, पण मॅक्रोतलं 'डी' हे अक्षर सरकत नाही, ते मजकूर म्हणूनच राहतं. त्या महिन्यात पार्किंगचा कॉलम लपला आणि सगळ्या सभासदांचे मोबाइल नंबर नोटीस बोर्डावर लागले. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी एकट्या राहणाऱ्या एक आजी मला घेऊन खाली आल्या, काचेवर आपल्या नंबराखाली बोट ठेवलं आणि विचारलं, "हा इथे कुणी लिहिला?" त्या दिवसापासून मी मॅक्रोत कॉलमचं अक्षर लिहिलेलं नाही.

त्याऐवजी खूण वापरतो. रजिस्टरच्या अगदी वर एक रिकामी ओळ घाला. ती आता पहिली ओळ. जो कॉलम नोटिशीत नको त्याच्यावर, त्या पहिल्या ओळीत, इंग्रजी एक्स हे अक्षर टाका. मॅक्रो फक्त पहिली ओळ वाचेल आणि जिथे एक्स दिसेल तो कॉलम लपवेल. कॉलम मध्ये घातला, सरकवला, पुढेमागे नेला, तरी खूण त्याच्यासोबत जाते. मॅक्रोला हात न लावता यादी बदलता येते. उद्या समितीनं ठरवलं की व्याजाचा कॉलमही नको, तर वर एक्स टाकला की झालं. ही खुणांची ओळ छापली जाऊ नये म्हणून प्रिंट एरिया दुसऱ्या ओळीपासून धरा.

खूण मराठीत का नाही, 'लपवा' असं का लिहायचं नाही, हे विचाराल. शीटवर मराठी उत्तम चालते. पण ऑल्ट आणि एफ११ दाबल्यावर जो कोड लिहायचा एडिटर उघडतो, तो जुन्या घडणीचा आहे, त्याला युनिकोड देवनागरी पेलत नाही. 'लपवा' टाइप केलं की तिथे प्रश्नचिन्हांची रांग उमटते. याच कारणानं मराठी नावाच्या शीटला मॅक्रोत नावानं हाक मारता येत नाही. एडिटरमध्ये डावीकडच्या यादीत पाहा. 'देखभाल रजिस्टर' या तुमच्या शीटच्या जागी कंसात नुसती प्रश्नचिन्हं दिसतील, पण त्यांच्या आधी 'शीट१' असं इंग्रजीत एक नाव असेल. ते शीटचं आतलं नाव. टॅबवरचं नाव कितीही बदला, हे बदलत नाही. मॅक्रोत तेच वापरायचं. मराठीत काम करणाऱ्या माणसाचे या एका गोष्टीपायी तासन्‌तास जातात, कारण एक्सेल जी चूक दाखवतं त्यात भाषेचा उल्लेखही नसतो.

एडिटरमध्ये 'इन्सर्ट' मेनूतून 'मॉड्यूल' घ्या आणि खालच्या ओळी इंग्रजी अक्षरांत टाइप करा. इथे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहे.

सब नोटीसप्रिंट()
डिम सी ॲज रेंज, यू ॲज रेंज
ऑन एरर गोटू परत
फॉर ईच सी इन शीट१.रेंज("ए१:एझेड१")
इफ एलकेस(ट्रिम(सी.व्हॅल्यू)) = "एक्स" अँड नॉट सी.एंटायरकॉलम.हिडन देन
इफ यू इज नथिंग देन सेट यू = सी एल्स सेट यू = युनियन(यू, सी)
एंड इफ
नेक्स्ट सी
इफ नॉट यू इज नथिंग देन यू.एंटायरकॉलम.हिडन = ट्रू
शीट१.प्रिंटप्रिव्ह्यू
परत:
इफ एर.नंबर <> ० देन एमएसजीबॉक्स एर.डिस्क्रिप्शन
इफ नॉट यू इज नथिंग देन यू.एंटायरकॉलम.हिडन = फॉल्स
एंड सब

अवतरणचिन्हांतला 'एक्स' म्हणजे छोट्या लिपीतलं एकच अक्षर. तिसऱ्या ओळीतला आणि खाली विसर्गासारखी दोन टिंबं दिलेला 'परत' हा शब्द दोन्हीकडे सारखाच हवा, तोही इंग्रजी अक्षरांत. एखादं स्पेलिंग अडलं तर रेकॉर्डर चालू करून ती कृती हातानं करा. तो जे लिहील त्यातून शब्द उचला. मी आजही असंच करतो.

आता यातल्या ज्या ओळी उगाच वाटतात त्यांच्याकडे बघा. "अँड नॉट हिडन" या तुकड्याचं काम काय? समजा तुम्ही आधीच एखादा खूण असलेला कॉलम कायमचा लपवून ठेवला आहे. मॅक्रो तो आपल्या यादीत घेणार नाही, म्हणून शेवटी तो उघडणारही नाही. इंटरनेटवर मिळणाऱ्या निम्म्या मॅक्रोंत शेवटी 'सगळे कॉलम उघड' असं असतं. जे लपवलं नव्हतं तेही त्यात उघडं पडतं. 'यू' या डब्यात फक्त आपण लपवलेले कॉलम जमा होतात आणि तेवढेच परत येतात.

'ऑन एरर गोटू परत' ही ओळ तुमच्या मूळ दुखण्यावरचा इलाज आहे. संगणकाला प्रिंटरच जोडलेला नसेल किंवा मध्येच काही बिनसलं, तर साधा मॅक्रो तिथेच थांबतो आणि कॉलम लपलेलेच राहतात. या ओळीमुळे काहीही झालं तरी मॅक्रो 'परत' या टप्प्यावर जातो, काय बिघडलं ते सांगतो आणि कॉलम उघडतो.

थेट प्रिंटऐवजी मी प्रीव्ह्यू दाखवतो, तेही मुद्दाम. प्रीव्ह्यू समोर असेपर्यंत मॅक्रो थांबून राहतो. तुम्ही तिथूनच प्रिंट काढा किंवा बंद करा, दोन्ही वेळा कॉलम परत येतात. आणि नोटीस बोर्डावर जाणारा कागद आधी डोळ्यांखालून गेलेला असतो. त्या आजींच्या प्रसंगानंतर ही सवय मी सोडलेली नाही.

शीटवर 'इन्सर्ट'मधून एक आकार काढा, त्यात 'नोटीस प्रत' असं मराठीत लिहा, उजव्या क्लिकवर 'असाइन मॅक्रो'मधून हा मॅक्रो जोडा. 'फॉरमॅट शेप'मध्ये 'प्रिंट ऑब्जेक्ट'ची खूण काढा, नाहीतर बटणही छापलं जाईल. मॅक्रो चालवण्याआधी फाइल सेव्ह करत जा, कारण मॅक्रो चालला की कंट्रोल-झेडचा इतिहास पुसला जातो.

काही जण सांगतील की बटण कशाला, 'वर्कबुक बिफोरप्रिंट' नावाची घटना आहे, प्रिंट द्यायच्या आधी एक्सेल ती आपोआप चालवतं. खरं आहे. पण एक्सेलमध्ये 'आफ्टरप्रिंट' अशी घटनाच नाही. लपवायला संधी मिळते, परत उघडायला नाही. मग लोक एक्सेलचं प्रिंट रद्द करतात, घटना बंद करतात, मॅक्रोतून स्वतः छापतात, घटना पुन्हा चालू करतात. मधे कुठे गाडी अडली तर घटना बंदच राहतात आणि एक्सेल बंद करून उघडेपर्यंत उघड्या असलेल्या सगळ्याच फाइलींमधली अशी स्वयंचलित कामं गप्प होतात. शिवाय तुम्हाला कार्यालयीन प्रतही काढायची असते, तेव्हा हेच आपोआप चालणं आडवं येतं. दोन प्रतींचं काम असेल तिथे बटणच बरं.

शीटला पासवर्डचं संरक्षण असेल तर कॉलम लपवताना एक्सेल १००४ क्रमांकाची चूक दाखवेल. संरक्षण देतानाच 'फॉरमॅट कॉलम्स'वर टिक केली की ही अडचण मिटते. मॅक्रोत पासवर्ड लिहून ठेवण्यापेक्षा हे चांगलं.

पानाची मांडणी एकदाच करायची आहे. आडवं ए४, रुंदीला एक पान, उंचीची अट रिकामी. कॉलम लपले की उरलेल्यांना जागा मिळते आणि अक्षर मोठं होतं. ज्येष्ठ सभासदांना बोर्डासमोर चष्मा वरखाली करावा लागत नाही. 'प्रिंट टायटल्स'मध्ये कॉलमांच्या नावांची ओळ द्या, म्हणजे ८४ सदनिकांच्या प्रत्येक पानावर ती येईल.

आता हिशेबाची एक गोष्ट. हिचा मॅक्रोशी संबंध नाही, पण भांडण हिच्यामुळेच होतं. तुम्ही भोगवटेतर शुल्काचा कॉलम लपवता. कारण मला कळतं, कुणी घर भाड्यानं दिलं आहे हे त्या आकड्यावरून सगळ्यांना समजतं. पण 'एकूण'च्या सूत्रात तो आकडा धरलेला असतो. कॉलम लपला म्हणून बेरजेतून जात नाही. मग ज्या सदनिकेचं सेवाशुल्क समजा २,५०० रुपये आहे, तिला सेवाशुल्काच्या १० टक्के, म्हणजे २५० रुपये भोगवटेतर शुल्क लागतं. कागदावर दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज एकूणपेक्षा बरोबर २५० नं कमी येते. बोर्डासमोर उभं राहून मोबाइलवर बेरीज करणारा एक तरी सभासद प्रत्येक सोसायटीत असतो, आणि त्याचं चुकत नाही. 'सबटोटल'च्या १०९ क्रमांकानं लपलेलं वगळता येतं असं कुणी सुचवेल. ते लपलेल्या ओळी वगळतं, लपलेले कॉलम वगळत नाही. आणि एकूण रक्कम बदलायला नकोच आहे, देणं तेवढंच आहे. त्यापेक्षा 'इतर आकार' असा एक कॉलम ठेवा. पार्किंग, भोगवटेतर आणि असे किरकोळ आकार त्यात एकत्र येतील. त्यांचे सुटे कॉलम खूण करून लपवा आणि 'एकूण'च्या सूत्रात सुट्यांऐवजी 'इतर आकार' घ्या. कागदावरची बेरीज जुळेल आणि कुणाची खासगी बाबही चव्हाट्यावर येणार नाही.

फाइल जतन करताना प्रकार 'मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक' निवडा. नेहमीच्या प्रकारात ठेवलीत तर मॅक्रो गळून जातो. आणि ही फाइल ईमेलनं आली किंवा इंटरनेटवरून उतरवली असेल तर २०२२ पासून मायक्रोसॉफ्ट तिच्यातले मॅक्रो मुळातच अडवतं. वर पट्टी येते, पण 'चालू करा' असं बटण नसतं. एक्सेल बंद करा, फोल्डरमध्ये फाइलवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, खाली 'अनब्लॉक'वर टिक करा. ज्या फाइलचा मालक तुम्हाला माहीत आहे तिच्यासाठीच हे करा. 'सगळे मॅक्रो चालू' ही सेटिंग कुणीही सांगितली तरी निवडू नका, ती त्या संगणकावरच्या प्रत्येक फाइलला लागू होते. मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये हा मॅक्रो चालणार नाही.

यातून एक गंभीर गोष्ट निघते. मॅक्रो अडवलेल्या संगणकावर कुणी नुसतं कंट्रोल-पी दाबलं, तर चौदाही कॉलम छापले जातील. आणि फाइल कुणाला पाठवलीत तर लपलेला कॉलम तो दोन क्लिकमध्ये उघडेल. लपवणं म्हणजे गोपनीयता नव्हे. तुमच्या चार कॉलमांपैकी चेक नंबर आणि शेरा सोयीसाठी लपवायचे आहेत, त्यांना मॅक्रो पुरेसा आहे. मोबाइल नंबर मात्र या शीटवर ठेवूच नका. वेगळ्या फाइलमध्ये सदनिका क्रमांक आणि मोबाइल एवढंच ठेवा, तिला उघडण्याचा पासवर्ड द्या. देखभालीच्या हिशेबात मोबाइल नंबर कुठेच लागत नाही, तो केवळ सवयीनं तिथे बसलेला असतो. पगारपत्रकात आधार क्रमांक आणि बँक खात्यांचं हेच करायला मी प्रत्येकाला सांगतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकायची असेल तर प्रीव्ह्यूमधून प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा आणि ती पीडीएफ पाठवा. तिच्यात लपलेले कॉलम जातच नाहीत.

बोर्डावर पहिली प्रत लावण्याआधी फाइलची एक नक्कल काढून तिच्यावर तीन गोष्टी करून पाहा. मधे कुठेतरी नवा कॉलम घाला आणि बटण दाबा: खुणेचेच कॉलम लपले पाहिजेत. प्रीव्ह्यू प्रिंट न काढता बंद करा: सगळे परत आले पाहिजेत. मग एक खुणेचा कॉलम आधीच हातानं लपवून पुन्हा बटण दाबा: प्रीव्ह्यू बंद केल्यावर तो लपलेलाच राहिला पाहिजे. यातलं एकही जमलं नाही तर कोणत्या ओळीवर पिवळी पट्टी आली किंवा कोणता संदेश आला, तेवढं कळवा.